जाणारी पॉवर, परतणारी पॉवर

विक्रोळीहून जोगेश्वरीकडे जाणाऱ्या लिंक रोडवर पवईला आयआयटीचं आवार लागतं. त्याच आवारात ‘समीर’ ही संस्था आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मायक्रोवेव्हच्या कामातून १९८४ साली ती उभी राहिली. कर्करोगावर किरणोपचार करणारं लिनॅक, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वेग देणारं यंत्र, तिने देशात घडवलं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातही ते पोचलं.

या यंत्राला ताकद मिळते मायक्रोवेव्ह निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनकडून. वारंवारता सुमारे ३,००० मेगाहर्ट्‌झ, पॉवर दोन मेगावॉटच्या आसपास, तीही एका वेळी काही मायक्रोसेकंदच. ती न्यायला तार चालत नाही, धातूची पोकळ चौकोनी नळी लागते: वेव्हगाइड. मोजायला साधा व्होल्टमीटरही कामाचा नाही. पुढची जोडणी जुळली नाही की काही पॉवर उलटी फिरते, आणि जाणारी-येणारी लाट मिसळून व्होल्टेज जागोजागी वेगळं दिसतं.

म्हणून आधी दोन्ही लाटा वेगळ्या कराव्या लागतात. मुख्य नळीला चिकटून दुसरी नळी बसवतात आणि मधल्या भिंतीत पाव तरंगलांबीच्या अंतराने दोन छिद्रं पाडतात. एका दिशेच्या लाटेचे नमुने एकमेकांत मिळतात, उलट दिशेच्या लाटेचे एकमेकांना खोडतात. हाच डायरेक्शनल कपलर. केवळ अंतराच्या हिशेबावर चालणारी इतकी देखणी युक्ती अभियांत्रिकीत क्वचितच सापडते. ६० डेसिबलचा कपलर दहा लाखांतला एकच भाग बाहेर देतो; दोन मेगावॉटचे दोन वॉट. फॉरवर्ड (जाणारी) पॉवर १०० आणि रिफ्लेक्टेड (परतणारी) ४ असेल, तर एसडब्ल्यूआर, म्हणजे जोडणी किती जुळली नाही याचं माप, दीड.

पण कपलर खरं सांगतोय, हे कशावरून? त्यासाठी सगळी पॉवर वाहत्या पाण्यात जिरवतात. मिनिटाला एक लिटर पाणी एक अंशाने तापलं, तर सरासरी पॉवर सुमारे ७० वॉट. पल्स किती लांब आणि सेकंदाला किती, हे ठाऊक असलं की कमाल पॉवरही निघते. थर्मामीटर आणि पाण्याचा प्रवाह, बस्स. मला ही पद्धत सर्वांत विश्वासाची वाटते.

रिफ्लेक्टेड पॉवर वाढली तर मॅग्नेट्रॉन धोक्यात येतो. नळीतली पॉवर घसरली तर इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बदलते, आणि किरण शरीरात किती खोल पोचणार तेही. रुग्णाला मिळणारा डोस वेगळ्या उपकरणाने मोजतात, तरी त्याच्या आधी हे मोजमाप चोख हवंच.

देशी लिनॅक वाढायचे तर असं मोजणारे हात लागतील. विक्रोळी-घाटकोपरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींनी कपलर आणि पॉवर मीटर प्रयोगशाळेत स्वतः जोडून पाहावेत.