तोंड पाहून गळ

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो महागाई भत्ता, बोनस आणि किमान वेतन यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. यंदा आम्ही चालकांकडून एक संध्याकाळ तळ्याच्या काठी काढण्याची परवानगी मागून घेतली. गळ टाकून बसणे हा रिकामटेकड्याचा उद्योग आहे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. त्यात प्राणिशास्त्र आहे, थोडे पदार्थविज्ञान आहे, आणि तळ्यातला मासा कोणाचा, हा एक अवघड प्रश्नही आहे. आमचे शाळेतले शिक्षण सहावीत थांबले; पुढचे झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा जे वाचून व पाहून पटले तेवढेच सांगू.

आपल्या तलावांतून बाजारात येणारे रोहू, कटला आणि मृगळ हे मासे आज इतके ओळखीचे झाले आहेत की ते इथलेच वाटतात. वस्तुतः ते गंगेच्या खोऱ्यातले, उत्तरेकडचे पाहुणे. इंग्रजीत ज्यांना कार्प म्हणतात त्या कुळातले हे. त्यांची एक मोठी अडचण अशी, की साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातल्या पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करून आणावे लागे, आणि त्यात नको त्या माशांची पिले मिसळलेली असत. 1957 साली कटकच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. अलीकुन्ही यांनी दुसऱ्या माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले. त्या यशाचा दिवस, 10 जुलै, आजही मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. चौथा पाहुणा सायप्रिनस. तो परदेशी, 1939 साली सिलोनमार्गे निलगिरीत आला आणि 1957 मध्ये त्याची दुसरी जात बँकॉकहून आणली गेली. हा मात्र साठलेल्या पाण्यातही पाणवनस्पतींवर अंडी चिकटवतो आणि आपला वंश स्वतः वाढवतो.

या तपशिलात आम्ही शिरलो त्याला कारण आहे. तळ्यातला कटला आपोआप उगवत नाही. कोणीतरी बीज विकत घेऊन ते सोडलेले असते. ही गोष्ट आम्हांला पुस्तकाने शिकवली नाही.

1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील साचेखात्यात. पावसाळ्यापर्यंत खोलीतली भांडी मोडीत गेली, आणि आम्ही सगळे सातारा जिल्ह्यातल्या गावी परत आलो. गावाबाहेर तलाव होता. तो 1972 च्या दुष्काळात सरकारी कामावर बांधलेला. आमच्या आजीने तिथे सुकडी खाऊन पाट्या वाहिल्या होत्या. त्यामुळे तलाव आपलाच, अशी वडिलांची समजूत. त्यांनी कळकाची काठी तोडली, बाजारातून दोन गळ आणि दहा हात तंगूस आणला, कणकेची गोळी लावली आणि बसले. तीन आठवडे बसले. चिलापीची बोटभर पिले सोडली तर काही लागले नाही.

चौथ्या आठवड्यात मच्छीमार सोसायटीतले एक वयस्क गृहस्थ काठाने आले. सगळे त्यांना आण्णा म्हणत. ते काठीपाशी उभे राहून म्हणाले, “मुंबईकर, ह्यो मासा आमी इकत आणून सोडलाय. तळ्याचा ठेका बी भरलाय.” वडील गप्प झाले. दुसऱ्याच्या घामाचे फुकट घेऊ नये, हे चाळीच्या सभांत सांगत फिरणारा माणूस तो. त्यांनी काठी उचलली. आण्णांनी ती हातातून घेतली, गोळी पाहिली आणि हसले. पुढे ठरले ते असे: शनिवारी जाळे ओढायला वडिलांनी यायचे, त्याबद्दल आठवडाभर गळ टाकायला मोकळीक, मात्र लागलेला प्रत्येक मोठा मासा सोसायटीच्या काट्यावर वजन करून वहीत लिहायचा आणि निम्मा सोसायटीचा. पुढे आम्ही पुष्कळ करार केले, छापील आणि शिक्क्याचे. इतका सोपा आणि इतका पाळलेला करार थोडाच आठवतो.

जाळ्यात आलेले चार मासे आण्णांनी ओळीने मांडले आणि वडिलांना त्यांची तोंडे पाहायला सांगितली. सगळी विद्या इथे आहे. कटल्याचे डोके थोराड आणि तोंड वर वळलेले. तो वरच्या थरात फिरतो आणि पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचे तोंड खालच्या बाजूला, ओठ झालरीसारखे. तो मधल्या थरात, पाणवनस्पतींवरचे शेवाळ खरवडत हिंडतो. मृगळ तळाशी, कुजक्या पाल्यापाचोळ्यात. सायप्रिनसला चार मिशा असतात आणि त्याचे तोंड नळीसारखे पुढे येते. तो चिखल ओढून घेतो, त्यातले हवे ते ठेवतो आणि बाकीचे थुंकतो. तळ्याच्या एका कोपऱ्यात पाणी गढूळ होऊन बुडबुडे येत असतील, तर तो तिथे जेवतो आहे असे समजावे. आता वडिलांची गोळी तळाशी पडून राहात होती आणि त्यांना हवा होता कटला. म्हणजे माडीवर राहणाऱ्याला तळघरात पान वाढल्यासारखेच झाले.

या सर्वांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात घशात. त्यामुळे ते आमिष तोडत नाहीत, चोखून आत घेतात आणि पटले नाही तर क्षणात बाहेर टाकतात. गळ लहान का हवा आणि आमिष मऊ का हवे, याचे उत्तर यातच आहे. कणीक घट्ट मळली की गळाचे टोक तिच्यातून बाहेर येत नाही. आण्णांची कणीक कानाच्या पाळीसारखी असे. तिच्यात भाजून कुटलेले तीळ आणि थोडा गूळ. रोहूला ही चालते. बंगालकडचे गळवाले रोहूसाठी झाडावरच्या तांबड्या मुंग्यांची अंडी वापरतात. मृगळाला व सायप्रिनसला गांडूळ, उकडलेला मका, भिजवलेले हरभरे. वासाचे महत्त्व डोळ्यांहून अधिक, कारण गढूळ पाण्यात मासा वासाने आणि मिशांच्या चवीनेच अन्न शोधतो. विडी ओढणाऱ्याने कणीक मळण्याआधी हात मातीने धुवावे. आमच्या विडी कामगार भगिनी या वाक्याला हसतील, पण त्यांच्याच बोटांचा वास सर्वांत टिकाऊ असतो.

कटल्याची तऱ्हा वेगळी. कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड भिजवून मोसंबीएवढा सैल गोळा करायचा, त्याच्या अंगात आखूड दोऱ्यांवरचे चार लहान गळ खोचायचे आणि मोठ्या बुचाखाली दोन-तीन हात पाण्यात तो लोंबता ठेवायचा. गोळा हळूहळू विरघळतो, पाण्यात धुरासारखा ढग होतो, आणि कटला तो ढग पीत पीत गोळ्यापर्यंत येतो. तो आमिष गिळत नाही. चोखता चोखता एखादा गळ ओठात जातो. बूच एकदम बुडत नाही, नुसते थरथरते किंवा आडवे पडते. त्याच वेळी झटका द्यावा.

इंग्लंडात सायप्रिनसचा छंद फार मोठा आहे, आणि त्यात कारखान्यांतल्या कामगारांच्या क्लबांचा वाटा मोठा. तिथे बराच काळ असा समज होता की मोठा कार्प गळाला लागणे जवळजवळ अशक्य. 1952 च्या सप्टेंबरात रिचर्ड वॉकर या गृहस्थांनी रेडमायर नावाच्या छोट्या तळ्यात 44 पौंडांचा, म्हणजे सुमारे वीस किलोचा मासा पकडला. आमिष साध्या पावाचे. बांबूच्या चिरफळ्या चिकटवून काठी त्यांनी स्वतः बनवली होती, आणि दोरा ओढला जाताच आवाज करणारे विजेचे उपकरणही त्यांचेच. मासा मारला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो पुढे कित्येक वर्षे जगला. 1980 च्या सुमारास तिकडे आणखी एक युक्ती निघाली. आमिष गळात खुपसायचेच नाही, गळाच्या मागे केसासारख्या बारीक दोऱ्यावर लोंबते ठेवायचे. मासा आमिष चोखतो, उघडा गळ पाठोपाठ आत जातो, आणि थुंकताना ओठात रुततो. माशाच्या खाण्याच्या सवयीचाच हा फास आहे. तिकडे पकडलेला मासा बहुधा ओल्या चटईवर ठेवून परत सोडतात. भरल्या पोटी हे जमते.

साधनांविषयी फार नको. काठीचे काम मासा उचलण्याचे नसून हिसका जिरवण्याचे आहे. ती उभी धरली तर वाकते आणि तंगूस वाचतो. रिळाचा ब्रेक तंगूसाच्या ताकदीहून सैल ठेवावा, म्हणजे मासा पळू लागला की दोरा सुटत जातो. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी, कारण कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमजोर होतो. ज्याच्याजवळ रीळ नाही त्याने लाकडाच्या फळकुटावर पन्नास हात तंगूस गुंडाळावा आणि बोटाला चिंधी बांधावी. वडिलांनी पुढे तेच केले. आणि काठावर पाय आपटू नयेत. या कुळातल्या माशांच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना पुष्कळ ऐकू येते. बोललेले चालते, चाललेले नाही. उन्हाळ्यात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमिट करताना दिसले तर गळ टाकूच नये. ती भूक नसते. रात्रीतून पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो आणि मासा श्वासासाठी धडपडत असतो. अशा वेळी सोसायटीला कळवावे.

आम्ही आजही रविवारी जातो. गळ टाकण्यापूर्वी तलावाचा ठेका कोणाकडे आहे याची चौकशी करतो आणि जी काही पावती असेल ती फाडतो. पावती मागणारे आम्ही एकटेच, असे एका ठिकाणच्या पोराने सांगितले.

त्या वर्षी भाद्रपदात, उघडीप पडलेल्या एका दुपारी, वडिलांचे बूच आडवे झाले. आम्ही शेजारीच होतो. तंगूस चिंधीवरून सळसळत गेला आणि फळकुटावर चार-पाच हातच उरला, मग थांबला. अर्धा तास गेला असेल. आण्णा पलीकडच्या काठावरून बघत होते, पण मदतीला आले नाहीत. मासा काठाशी आला तेव्हा वडील कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि दोन्ही हातांनी त्याला कवटाळून बाहेर आले. कटला होता. सोसायटीच्या काट्यावर साडेसहा किलो भरला. आण्णांनी वहीत तारीख घातली, वडिलांचे नाव लिहिले, पुढे वजन लिहिले, आणि सुरी काढून मासा बरोबर मधोमध कापला. डोक्याकडचा भाग त्यांनी आमच्या पिशवीत टाकला.