बेसमेंटमधल्या सर्व्हरला दाखला कोणाचा?

मिनेसोटातलं ईडन प्रेरी. एका मराठी घराच्या बेसमेंटमध्ये छोटासा सर्व्हर घरघरतोय. त्यात नातवंडांचे फोटो. पुण्यात आजी लिंक उघडते, तर मोबाइलवर इशारा: ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’. आजी धसका घेऊन फोन ठेवून देते.

वास्तविक त्या सर्व्हरवर एसएसएल सर्टिफिकेट असतं, पण घरीच बनवलेलं. त्यानेही मजकूर तितकाच पक्का कुलूपबंद होतो. अडतं ते ओळखीपाशी. आपल्याच रहिवासी दाखल्यावर आपणच सही-शिक्का मारला, तर तो कोण मानणार? शिक्का ब्राउझरला मान्य असलेल्या संस्थेचाच लागतो.

मग नावाजलेल्या कंपनीचं महागडं सर्टिफिकेट घ्यावं का? उत्तर ईडन प्रेरीतून नदी ओलांडली की सापडतं. पलीकडच्या शाकोपीत एनट्रस्टचं मुख्यालय आहे. या क्षेत्रातलं हे जुनंजाणतं नाव; पण नियमपालनात वारंवार कसूर झाल्याचं सांगत गूगलने जून २०२४ मध्ये जाहीर केलं, की यांच्या नव्या सर्टिफिकेटांवर क्रोम विश्वास ठेवणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनट्रस्टचा हा सार्वजनिक सर्टिफिकेटांचा व्यवसाय सेक्टिगो या दुसऱ्या कंपनीकडे गेला. दाखल्याची पत नावावर नाही, ब्राउझरच्या विश्वासावर ठरते.

जादा पैसे मोजले, तर कंपनीची कागदपत्रं तपासून मिळतात. कुलूप काही जाडजूड होत नाही. घराला त्या तपासणीचा उपयोग काय? डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांना खुलं झालेलं ‘लेट्स एन्क्रिप्ट’ फुकट आहे आणि घरासाठी पुरेसं आहे. त्यासाठी सहसा आपल्या ताब्यातलं डोमेन नाव लागतं. ते आपल्याच ताब्यात आहे ना, याची तपासणी सहसा ८० क्रमांकाच्या पोर्टवरून होते; इंटरनेट कंपनीने ते बंद ठेवलं असेल, तर डोमेनच्या डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद टाकून ताबा सिद्ध करता येतो. एक सावधगिरी: सर्टिफिकेटावरचं नाव सार्वजनिक नोंदवहीत चढतं, तेव्हा सर्व्हरच्या नावात आडनाव किंवा पत्ता गुंफू नका.

या सर्टिफिकेटाची नेहमीची मुदत ९० दिवसांची, आणि ती संपत आल्याची ईमेल जून २०२५ पासून येत नाही. त्यामुळे सर्टबॉट किंवा कॅडीसारख्या प्रोग्रॅमकडे नूतनीकरण सोपवा आणि ते खरंच होतंय ना, हे एकदा तपासा. १५ मार्च २०२९ पासून विकतचं असो वा फुकटचं, कुठलंही सार्वजनिक सर्टिफिकेट ४७ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं मिळणार नाही. तेव्हा निवडताना किंमत नंतर बघा. आपोआप नवं होतं का, हे आधी विचारा.