बिनशेपटीच्या विमानाची पारख

विमानाचे चित्र काढावयास सांगितले, तर शाळकरी मूलही तीन भाग न चुकता काढते : मध्ये लांबट धड, दोन्ही बाजूंस पंख आणि मागे शेपटी. यांतील धड व शेपटी वगळून केवळ पंखच उरला, तर त्या यंत्रास ‘उडता पंख’ म्हणतात. धड आणि शेपटी हवेला अडथळा करतात, परंतु विमान उचलून धरण्यास त्यांचा फारसा हातभार लागत नाही. ती नसतील, तर तेवढ्याच इंधनात अधिक पल्ला गाठता येतो.

मात्र हा लाभ फुकटचा नाही. शेपटीबरोबर विमानाचा तोल राखणारा मोठा आधारही जातो. हा तोल केव्हा आणि कसा ढळेल, हे कागदावरील गणितातून पूर्णपणे उमगत नाही. ते उडवूनच पाहावे लागते. अशी पारख करताना कोणाचा जीव धोक्यात घालावयाचा नसेल, तर जमिनीवरून रेडिओलहरींच्या साहाय्याने चालविलेली लहान प्रतिकृती हा उत्तम मार्ग होय.

परीक्षेचे जुने मोल

अमेरिकेतील जॅक नॉर्थ्रॉप यांनी उडत्या पंखाचे प्रचंड बाँबफेकी विमान बांधण्याचे ठरविले, तेव्हा आधी त्याची एक-तृतीयांश आकाराची प्रतिकृती तयार करण्यात आली. डिसेंबर १९४२ मध्ये तिने प्रथम उड्डाण केले. तथापि तिच्यात वैमानिक बसत असे. मे १९४३ मध्ये ती कोसळली आणि वैमानिक मॅक्स कॉन्स्टंट मृत्युमुखी पडले. पुढे ५ जून १९४८ रोजी ‘वायबी-४९’ हे पूर्ण आकाराचे विमान कॅलिफोर्नियात चाचणी-उड्डाणात कोसळले आणि त्यातील पाचही जण ठार झाले. त्यांत कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स होते. तेथील म्यूरॉक विमानतळास १९४९ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. प्रतिकृतीवर प्रयोग करण्याची दृष्टी त्या काळीही होती. पण प्रयोगाचा धोका माणसापासून दूर ठेवण्याची साधने पुरेशी नव्हती.

तोलाचे गमक

बैलगाडीत ओझे भरणाऱ्यास तोलाचे महत्त्व सांगावे लागत नाही. भार मागे गेला की गाडी उलाळ होते. फार पुढे आला की बैलांच्या मानेवर पडतो. उडत्या पंखाचेही तसेच आहे. वाऱ्याच्या झोताने विमानाचे नाक वर गेले, म्हणजे पंखावरील उचल वाढते. ही वाढीव उचल ज्या बिंदूपाशी एकवटते, त्याच्या थोडा पुढे विमानाचा गुरुत्वमध्य असला, तर वर गेलेले नाक आपोआप खाली येते. तो त्या बिंदूच्या मागे गेला, तर नाक अधिकच वर जाते आणि विमान हाताबाहेर जाते.

नेहमीच्या विमानात लांब शेपटीच्या जोरावर भाराची थोडी इकडे-तिकडे खपून जाते. लहान उडत्या पंखात मात्र गुरुत्वमध्य काही मिलिमीटर सरकला तरी फरक जाणवतो. गुरुत्वमध्य पुढे असल्याने नाक सतत खाली झुकू पाहते. ते सावरण्यासाठी पंखाची मागील कड किंचित वर वळविलेली असते. बहुधा पंख मागे झुकते ठेवून त्यांच्या टोकांना थोडा पीळही दिलेला असतो. मागील कडेच्या हलत्या झडपांना ‘एलेव्हॉन’ म्हणतात. दोन्ही एकत्र हलल्या की नाक वर-खाली होते. उलटसुलट हलल्या की विमान कलते व वळते.

डेल्फ्टचा प्रयोग

अशा पारखीचे अलीकडील बोलके उदाहरण नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविज्ञान विद्यापीठाचे आहे. प्रवासी, माल आणि इंधन या तिन्हींना पंखातच सामावणाऱ्या ‘फ्लाइंग-व्ही’ या विमानाची कल्पना तेथे विकसित होत आहे. संकल्पित विमानाचा विस्तार ६५ मीटर असून त्यास आजच्या तुलनीय विमानापेक्षा सुमारे २० टक्के कमी इंधन लागेल, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्याची सुमारे ३ मीटर विस्ताराची व २२.५ किलोग्रॅम वजनाची प्रतिकृती २०२० च्या उन्हाळ्यात जर्मनीतील एका हवाईतळावर दूरनियंत्रणाने उडविण्यात आली.

धावपट्टी सोडताना नाक उचलेल की नाही, ही गणितातून उद्भवलेली शंका होती. प्रतिकृती ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने सहज वर गेली. मात्र एक उणीव स्पष्ट झाली : उडताना नाक डावी-उजवीकडे झुलत होते आणि त्याबरोबर पंखही आळीपाळीने कलत होते. त्यामुळे उतरताना काहीसा हादरा बसला. हा दोष बावीस किलोंच्या प्रतिकृतीत सापडला, हेच त्या प्रयोगाचे यश होय.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रतिकृती लहान म्हणून ती उडविणे सोपे, असे नाही. या प्रतिकृतीहून मूळ विमान सुमारे २१ पट मोठे असेल. म्हणून तिच्या हालचाली मूळ विमानाच्या सुमारे साडेचार पट जलद होतात. जमिनीवरील चालकास विचारास तितकाच कमी अवधी मिळतो.

चाचणीची शिस्त

अगदी लहान प्रतिकृतीसाठीही चाचणीचा क्रम ठरलेला आहे. प्रथम विमान तोलून गुरुत्वमध्य खुणेवर आहे याची खात्री करावी. झडपा योग्य दिशेने हलतात का, हे विमानाच्या मागे उभे राहून पाहावे. उलट्या जोडलेल्या झडपांमुळे विमान पहिल्याच क्षणी कोसळते. त्यानंतर रेडिओचा पल्ला तपासावा आणि संदेश तुटल्यास मोटार बंद पडते ना, तेही पाहावे. बहुतेक लहान उडत्या पंखांचा पंखा मागे असतो. म्हणून हाताने सोडलेले विमान हातावेगळे झाल्यावरच मोटार सुरू करणे सुरक्षित असते.

पहिले उड्डाण मंद वाऱ्यात, वाऱ्याच्या दिशेस तोंड करून व्हावे. पुरेशी उंची गाठल्यावर वेग कमी करून विमान कोणत्या क्षणी उचल गमावते, ते पाहावे. नंतर मोटार बंद ठेवून हलका सूर मारावा. वेग वाढताच नाक झपाट्याने वर आले, तर भार फार पुढे आहे. नाक अधिकाधिक खाली गेले, तर भार मागे आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत नोंदवावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाचा व दोष कशाचा, हे कळत नाही.

भारतातील वाटचाल

संरक्षण संशोधन व विकास संघटनेने १ जुलै २०२२ रोजी कर्नाटकातील चित्रदुर्ग येथे उडत्या पंखाच्या स्वदेशी, मानवरहित विमानाची पहिली चाचणी घेतली. उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचे सर्व काम विमानाने स्वयंचलितपणे केले. १५ डिसेंबर २०२३ रोजी याच प्रकारच्या विमानाची आणखी एक यशस्वी चाचणी झाल्याचे जाहीर करण्यात आले. ‘गगन’ या भारतीय उपग्रह-साहाय्यित प्रणालीचा त्यात उपयोग झाला.

शाळेच्या मैदानावर

या विषयाचा आरंभ कोणत्याही शाळेत होऊ शकतो. जाड कागदाचा मागे झुकता पंख कापावा, मागील कड किंचित वर वळवावी, नाकाशी थोडी माती लावावी आणि तो सोडून पाहावा. माती कमी-अधिक करताना विद्यार्थ्यांना गुरुत्वमध्याचा जो धडा मिळतो, तो फळ्यावरील आकृतीतून मिळत नाही.

रेडिओ-नियंत्रित विमान उडवावयाचे झाल्यास २०२१ चे ड्रोन नियम पाहणे आवश्यक आहे. शिक्षण, संशोधन वा छंद यांसाठी वापरावयाच्या, २५ किलोग्रॅमपर्यंतच्या आणि सदैव नजरेच्या टप्प्यात राहणाऱ्या प्रतिकृतींचा त्यांत स्वतंत्र उल्लेख आहे. नोंदणी व अन्य अटी तपासाव्यात, तसेच जागा निषिद्ध क्षेत्रात येते का, हेही नकाशावर पाहावे. गावाचे मैदान देताना पंचायतीने वीजतारा, रहदारी आणि प्रेक्षकांचे अंतर यांचा विचार करावा.

मैदानात कोसळलेली प्रतिकृती दुरुस्त करता येते आणि तिच्यापासून शिकताही येते. चूक लहान असतानाच सापडावी, यासाठीच हा सारा खटाटोप असतो.