थरांचे लाकूड आणि कातकाम : प्लायवुडच्या वाडग्याची घडण व रंगयोजना

प्रस्तावना

लाकूड फिरते ठेवून त्यावर हत्यार धरणे व त्याला गोल आकार देणे या क्रियेस कातकाम म्हणतात. ती करणारा कारागीर म्हणजे कातारी. मुंबईत या कौशल्याच्या दोन खुणा सहज सांगता येतात. गिरगावातील काही जुन्या लाकडी घरांच्या सज्जांना कातीव कठडे आहेत. परळ-लालबागच्या कापड गिरण्यांत सूत गुंडाळण्याची कांडीही कातीव लाकडाची असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्याबरोबर कांडीची मागणीही ओसरली. आज शहरात फर्निचर व सजावटीच्या कामात प्लायवुडचा वापर मोठा असून त्याचे लहान तुकडे टाकाऊ ठरतात. अशा तुकड्यांपासून वाडगा कातणे व रंगवणे यामागील तत्त्वांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. प्लायवुडला मजबुती देणारी थररचना कातकामात अडचण ठरते आणि रंगकामात तीच नक्षी ठरते, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा होय.

साहित्याची रचना

प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ थर असे चिकटवलेले असतात की, प्रत्येक थराचे तंतू लगतच्या थराच्या तंतूंशी काटकोन करतात. थरांची संख्या सामान्यतः विषम असते. त्यामुळे दोन्ही बाजूंचा ताण समतोल राहतो. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगते व आकसते. काटकोनातील शेजारी थर या हालचालीला आवर घालतो, म्हणून फळी सहसा फाटत नाही.

१८ मिमी जाडीचे चार तुकडे एकावर एक चिकटवल्यास ७२ मिमी उंचीचा ठोकळा मिळतो. सर्व तुकडे एकाच दिशेने ठेवले, तर जोडावर समोरासमोर येणाऱ्या दोन थरांचे तंतू समांतर होतात व क्रम तुटतो. एकाआड एक तुकडा ९० अंशांत फिरवल्यास आडव्या-उभ्या थरांचा क्रम अखंड राहतो. चिकटवलेला ठोकळा शिकंज्यात दाबून पूर्ण वाळू द्यावा लागतो. आतील थरांत कधी कधी पोकळ्या असतात. फिरत्या लाकडात हत्याराचे टोक त्यांत अडकण्याचा धोका असल्याने भारतीय मानक ७१० नुसार बनवलेले मरीन प्लायवुड या कामास अधिक योग्य. दिसलेली पोकळी इपॉक्सी व भुशाच्या मिश्रणाने भरता येते.

कातकामातील अडचण

लेथवर वाडगा एक फेरा पूर्ण करतो तेव्हा हत्याराला प्रत्येक थरात दोनदा तंतूंची लांब बाजू व दोनदा त्यांची छाटलेली टोके भेटतात. अखंड लाकडात हे संपूर्ण भिंतीवर एकाच वेळी घडते, म्हणून अनुभवी कातारी हत्याराची दिशा त्यानुसार ठरवतो. प्लायवुडमध्ये लगतच्या दोन थरांची स्थिती नेमकी उलट असते. परिणामी कोणतीही एक दिशा सर्व थरांना मानवत नाही आणि तंतू उपटले जातात. त्यात कठीण झालेल्या सरसामुळे हत्याराची धार लवकर बोथट होते. यावर उपाय दोनच : वारंवार धार लावणे आणि शेवटचे काप अत्यंत हलके घेणे.

गतीचा विचारही आवश्यक आहे. २०० मिमी व्यासाचा वाडगा मिनिटास ८०० फेरे घेत असता त्याच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे ८.४ मीटर असतो. केंद्राकडे तो शून्यावर येतो. म्हणून तळाच्या मध्यभागी हत्यार कापण्याऐवजी खरवडू लागते व तेथे अधिक काळजी घ्यावी लागते.

नक्षीचे भूमितीय कारण

भिंतीवर दिसणाऱ्या पट्ट्याची रुंदी थराच्या जाडीवर आणि भिंतीच्या उतारावर अवलंबून असते. थराची जाडी भागिले भिंतीने क्षितिजाशी केलेल्या कोनाचे साइन, हे त्याचे सूत्र. १.५ मिमीचा थर उभ्या भिंतीवर १.५ मिमीचाच दिसतो. ३० अंशांच्या उतारावर ३ मिमी, तर १० अंशांवर सुमारे ८.६ मिमी रुंद होतो. त्यामुळे कडेशी बारीक रेघा व तळाशी रुंद वलये दिसतात. नक्षी वेगळी काढावी लागत नाही. वक्राकार निवडतानाच ती ठरते.

रंगयोजना

तंतूंची छाटलेली टोके रंग अधिक शोषतात. म्हणून एकाच वलयात दोन जागी गडद व दोन जागी फिकी छटा उमटते आणि शेजारच्या वलयात हा क्रम ९० अंशांनी सरकतो. प्रथम ओल्या फडक्याने पृष्ठभाग पुसून उभे राहिलेले तंतू बारीक पॉलिश पेपरने घासावेत. नंतर पाण्यात विरघळणारा गडद रंग लावून, वाळल्यावर पुन्हा घासल्यास तो मुख्यतः टोकांच्या जागी उरतो. त्यावर फिकी छटा द्यावी. सरसाच्या रेषा रंग घेत नाहीत, त्यामुळे वलयांच्या सीमा स्पष्ट राहतात. शेवटी चपड्या लाखेचे स्पिरिट पॉलिश द्यायचे असेल, तर स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग टाळावा. अन्यथा तो पॉलिशबरोबर पसरतो.

सावंतवाडीच्या परंपरेशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. तेथे फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन पसरते. तो रंग पृष्ठभागावर राहतो व लाकडाचे तंतू झाकतो. प्लायवुडच्या वाडग्यात मात्र रंग आत मुरतो आणि तंतूंची मांडणी उघड करतो.

आरोग्यविषयक मर्यादा

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्ये, तर फॉर्मल्डिहाइड २००४ मध्ये मानवी कर्करोगास कारणीभूत घटकांत समाविष्ट केले. प्लायवुडच्या अनेक सरसांत फॉर्मल्डिहाइड हा घटक असतो. त्यामुळे बारीक धुळीसाठी योग्य मास्क, डोळ्यांसाठी चष्मा व धूळ खेचणारी यंत्रणा अनिवार्य मानली पाहिजे. असा वाडगा शोभेसाठी वा सुट्या वस्तू ठेवण्यासाठी वापरावा. गरम, आंबट वा ओल्या अन्नासाठी नव्हे.

समारोप

प्लायवुडचा टाकाऊ तुकडा चुलीत जाळल्यास सरसाचा अपायकारक धूर होतो. लेथवर मात्र त्याच तुकड्यात यंत्रशास्त्र, भूमिती, रसायन व कला यांचा एकत्र अभ्यास घडतो. तथापि, हे मूल्य कारागिराच्या फुप्फुसांच्या मोबदल्यात मिळवलेले नसावे. महाविद्यालयीन कार्यशाळेत हा उपक्रम घेताना हत्याराच्या धारेइतकेच धुळीच्या नियंत्रणालाही प्रात्यक्षिकाचा भाग मानणे, ही त्याची पूर्वअट होय.