न दुखणारा पाय

ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टर आधी जखम बघत नाहीत. हाताची मागची बाजू रुग्णाच्या दोन्ही तळव्यांवरून सावकाश फिरवतात. एखादी जागा शेजारच्या जागेपेक्षा गरम लागली, की वरची कातडी धड असली तरी आत सूज धरलेली असते.

"तात्या, हे कधीपासून?"

"दुखत न्हाई ओ सिस्टर. मग कळायचं कसं?"

मिरज-सांगलीकडच्या एका मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात हे काम मी जवळ बसून पाहिलं. मिशनचे दवाखाने या भागाला नवे नाहीत. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडलं ते १८९४ मध्ये. तात्यांचा कुष्ठरोग केव्हाच बरा झालाय. एमडीटीची, म्हणजे एकत्र दिलेल्या अनेक औषधांची पाकिटं वर्षभर नेमानं घेतली की जंतू मरतात, आणि संसर्गाची भीती तर उपचार सुरू झाल्यावर लवकरच संपते. पण फार दिवस बधिर राहिलेली नस सहसा परत येत नाही. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकानं जगाला पटवून दिलं ते असं: बोटं आपोआप झडत नाहीत. भाजलेलं, कापलेलं, घासलेलं कळत नाही, म्हणून ती जातात. रात्री झोपेत उंदीर बधिर बोटं कुरतडतात हे लक्षात आल्यावर तिथल्या रुग्णांना मांजरं पाळायला दिली होती.

मग पाय घमेल्यातल्या साध्या पाण्यात जातो, वीसेक मिनिटं. पाणी गरम आहे का, हे तात्यांनी ठरवायचं नाही; सिस्टर स्वतःचा हात घालून बघतात. घट्टा मऊ झाला की ब्लेडनं त्याचे पापुद्रे काढतात. जखमेच्या कडेला साचलेला हा कडक घट्टा आतल्या मांसावर खड्यासारखा दाबत राहतो, म्हणून तो निघाल्याशिवाय वरून लावलेल्या मलमाला अर्थ नाही. कामाला घाई चालत नाही, आणि रांग तर बाहेर व्हरांड्यापर्यंत असते. शेवटी ओल्या पायावरच तेल, म्हणजे मुरलेलं पाणी आत राहतं. हे सगळं तात्यांनी घरी रोज करायचं असतं, म्हणून निम्मं काम सिस्टर त्यांच्याकडूनच करून घेतात. चुकलं तर रागावतातही.

खरं औषध आहे विश्रांती. पायावर भार पडला नाही तर साधी जखम बहुतेक वेळा भरून येते. पण ऊसतोडीच्या हंगामात हे कुणाला सांगायचं? मुकादमाची उचल घेऊन बसलेल्या माणसाला पाय वर करून पडून राहा म्हणणं सोपं नाही. सिस्टर तसं म्हणत नाहीत. बसून करता येण्यासारखं काय आहे, घरात आणखी कोण कमावतं, लेकाला निरोप धाडू का, असं विचारत जातात. केसपेपरवर यातलं काही येत नाही.

आमच्या मंडळीत उपासनेच्या शेवटी पाळक हात उंचावून आशीर्वाद देतात, आणि आशीर्वाद म्हणजे तेवढंच, अशी आम्हा पुष्कळांची समजूत झालेली असते. या दवाखान्यात ती समजूत ढळली. इथं सकाळी कामाआधी दोन मिनिटांची प्रार्थना होते. ज्याला यायचं तो येतो. त्यानंतर ड्रेसिंगच्या खोलीत देवाचं नाव निघालंच तर ते रुग्णाच्या तोंडून. मी याबद्दल विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "त्यांचा पाय माझ्या हातात असतो. नको वाटलं तरी त्यांना उठून जाता येत नाही. तेव्हा मी प्रवचन कसं देऊ?" येशूनं कुष्ठरोग्याला हात लावला, ही गोष्ट मी लहानपणापासून व्यासपीठावरून ऐकत आलोय. तिच्यावरचं इतकं नेमकं भाष्य मी तिथून ऐकलेलं नाही.

मागच्या बाजूला चपलांची खोली आहे. तिथले चर्मकार मामाही ख्रिस्तीच. पावलाचा आकार कागदावर पेन्सिलीनं काढून ते मऊ, बारीक छिद्रांच्या एमसीआर रबराचा तळ कापतात, खाली टायरसारखा कडक थर देतात. काटा वरपर्यंत येऊ नये म्हणून तो थर. खिळा एकही मारत नाहीत, कारण तो आत घुसला तरी पायाला पत्ता लागणार नाही. सगळं शिवून आणि चिकटवून. टाचेमागं पट्टा हवाच, नाहीतर चप्पल निसटून पडली तरी माणूस तसाच पुढं चालत राहतो.

मामांचा खरा जीव अडकतो तो वरच्या दिसण्यात. एके काळी या चपला एकाच छापाच्या, काळ्या आणि बोजड असायच्या. गावात पायाकडं बघूनच लोक ओळखायचे, मग माणसं त्या उंबऱ्याआड ठेवून अनवाणी बाहेर पडायची. म्हणून मामा बाजारात सध्या काय चालतंय ते बघून येतात आणि तसे पट्टे लावतात. कुणी सांगितलेलं नाही, पगारही त्याचा वाढत नाही.

तात्यांनी पांढरा पट्टा मागितला. रानातल्या चिखलात चार दिवस टिकायचा नाही, असं मामांनी परोपरीनं सांगून पाहिलं. तात्या हटेनात. लेकीच्या सासरी लग्न आहे म्हणाले. मामांनी पांढराच कापायला घेतला आणि वर बजावलं, "लग्न झालं की तपकिरी लावून घ्यायला यायचं. आणि पंगतीत चप्पल काढून लांब ठेवू नका."