अद्वैत वेदान्तातील परोक्ष ज्ञान आणि अपरोक्षानुभूती : एक विवेचन

प्रस्तावना

छांदोग्योपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे जातो. वेद, इतिहास-पुराणे, गणित, तर्क, नक्षत्रविद्या अशी अधीत विद्यांची मोठी यादी तो सांगतो आणि शेवटी मान्य करतो की, आपण मंत्र जाणतो, आत्मा जाणत नाही. अध्ययन-अध्यापन हेच ज्यांचे कार्य, त्यांना ही कबुली अंतर्मुख करणारी आहे. बौद्धिक आकलन व साक्षात अनुभव यांचा अद्वैत वेदान्तात नेमका कोणता संबंध मानला आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दशमाचा दृष्टान्त

विद्यारण्यांच्या 'पंचदशी'तील तृप्तिदीप प्रकरणात हा भेद एका दृष्टान्ताने स्पष्ट केला आहे. दहा जण नदी ओलांडतात. मोजणारा प्रत्येक जण स्वतःला वगळतो, त्यामुळे नऊच भरतात आणि दहावा बुडाला म्हणून शोक सुरू होतो. 'दहावा जिवंत आहे' हे वाटसरूचे वाक्य परोक्ष ज्ञान देते. 'तो दहावा तूच' हे वाक्य अपरोक्ष ज्ञान देते. येथे नवे काहीही प्राप्त झालेले नाही. केवळ भ्रम नाहीसा झाला आहे.

दोन प्रस्थानांतील मतभेद

शब्दामुळे असे अपरोक्ष ज्ञान होऊ शकते काय, या प्रश्नावर शांकर परंपरेत दोन मते आहेत. प्रकाशात्मन् यांच्या 'विवरण' प्रस्थानानुसार आत्मा नित्य अपरोक्ष असल्याने महावाक्याचे श्रवणच साक्षात्काराचे मुख्य साधन ठरते. मनन व निदिध्यासन हे असंभावना आणि विपरीतभावना हे अडथळे दूर करतात. वाचस्पती मिश्रांच्या 'भामती' प्रस्थानानुसार शब्द स्वभावतः परोक्ष ज्ञानच देतो. संगीतशास्त्राच्या अभ्यासाने संस्कारित झालेला कान जसा षड्जादी स्वर ओळखतो, तसे निदिध्यासनाने संस्कारित झालेले मन आत्मसाक्षात्कार घडविते. तथापि श्रवण अनावश्यक आहे, असे दोहोंपैकी कोणीही म्हणत नाही.

मराठी परंपरा व आधुनिक चर्चा

ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'च्या सहाव्या प्रकरणात, शब्दखंडनात, शब्दाला प्रथम स्मरण देणारा आरसा म्हणून गौरविले आहे. मात्र स्वतःला कधीही न विसरलेल्या आत्म्याला स्मरण कोण देणार, असा प्रश्न उपस्थित करून त्यांनी शब्दाची मर्यादाही दाखविली आहे. विसाव्या शतकात गुरुदेव रानडे यांनी 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' (1933) या ग्रंथात संतांच्या अनुभवालाच केंद्रस्थान दिले. मुंबईत विड्यांचे दुकान चालविणारे निसर्गदत्त महाराज (1897–1981) यांचे मराठी संवाद मॉरिस फ्रीडमन यांच्या इंग्रजी अनुवादामुळे 1973 पासून जगभर पोहोचले. औपचारिक विद्वत्ता ही साक्षात्काराची पूर्वअट नव्हे, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

याउलट अनंतानंद रामबचन यांनी 1991 मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, शंकराचार्यांच्या मते ब्रह्मज्ञानाचे प्रमाण श्रुती हेच आहे. स्वतंत्र अनुभवाला प्रमाणाचे स्थान देणे हे आधुनिक वळण आहे.

निष्कर्ष

या चर्चेतून दोन धोके स्पष्ट होतात. केवळ आकलनावर थांबणारा अभ्यासक नारदाच्या अवस्थेतच राहतो. दुसरीकडे, अनुभव म्हणजे एखादी विलक्षण मनोवस्था असे मानणारा साधक, जे उत्पन्न होते ते नष्टही होते, हा अद्वैताचा मूलभूत सिद्धान्त विसरतो. त्याच्या अनुभवाची तपासणी करण्याचे साधनही उरत नाही.

महाविद्यालयीन परीक्षा परोक्ष ज्ञानाचेच मापन करू शकते. वेदान्ताच्या अध्यापकाने ही मर्यादा विद्यार्थ्यांसमोर प्रांजळपणे मांडणे आवश्यक आहे. मात्र तेवढ्यावरून वर्गातील विवेचन निरर्थक ठरत नाही. दहाव्याची ओळख पटण्यासाठी वाटसरूचे वाक्य ऐकावेच लागते. मोजणीत वगळला गेलेला तो आपणच, हे मात्र ज्याचे त्यालाच कळावे लागते.