एका बटणाचा संवादफलक

वाचा गेलेल्या रुग्णाच्या खाटेशी आपण उभे राहतो आणि ‘कसे आहेत?’ हा प्रश्न बहुधा नातेवाइकाला विचारतो. रुग्ण ऐकत असतो. कोठे दुखते, लघवी तुंबली आहे काय, गळ्यातील नळी टोचते काय, हे त्याच्याखेरीज कोणासच ठाऊक नसते. उपचारास संमतीही त्याचीच हवी. अशा रुग्णासाठी घरीच, अल्प खर्चात करता येणाऱ्या एका साधनाची माहिती येथे देत आहे.

प्रथम निदानाचा भाग, कारण साधन निरुपयोगी ठरते ते पुष्कळदा येथेच. अफेझियात भाषेचीच यंत्रणा बिघडते. तेथे अक्षरांपेक्षा चित्रे व खुणा बऱ्या. मोटर न्यूरॉन डिसीज, मस्तिष्कस्तंभातील आघात किंवा ट्रॅकिओस्टॉमी झालेल्या अनेक रुग्णांत मात्र भाषा शाबूत असून केवळ उच्चार थांबलेला असतो. हे साधन अशा साक्षर रुग्णांसाठी आहे.

फ्रेंच संपादक झाँ-दोमिनिक बोबी यास १९९५ साली असाच आघात झाला. लेखनिका अक्षरे उच्चारी आणि हव्या अक्षराला तो डाव्या पापणीने खूण करी. अशा रीतीने सांगितलेले त्याचे पुस्तक १९९७ मध्ये निघाले. त्यासाठी फ्रेंच अक्षरे वापराच्या प्रमाणानुसार नव्याने लावावी लागली. आपली वर्णमाला मुळातच तक्ता आहे! क-वर्गापासून प-वर्गापर्यंत पाच ओळी. मग ‘य र ल व श’. मग ‘ष स ह ळ’ व ‘चुकले’ असे एक घर. शेवटी ‘अ इ उ ए ओ’. आठ ओळी, प्रत्येकी पाच घरे. ङ व ञ क्वचितच लागतात, म्हणून त्यांच्या घरांत ‘पाणी’ व ‘कूस बदला’ लिहावे.

तक्त्याच्या कडेला आठ एलईडी दिवे लावावेत. ५५५ क्रमांकाची आयसी ठरावीक अंतराने स्पंद देते व ४०१७ क्रमांकाची आयसी प्रत्येक स्पंदाला पुढचा दिवा लावते. हिचे नववे टोक रीसेटला जोडले की फेरी आठ दिव्यांची होते. रुग्णाने बटण दाबताच दिवा थांबावा व बझर वाजावा. दिवा पुन्हा पहिल्यापासून सोडला की दुसऱ्या थांब्याला ओळीतील घर कळते. दर दिव्यास दीड सेकंद धरल्यास शेवटच्या घरालाही तेरा पावले, म्हणजे वीस सेकंदांच्या आत. चाळीस घरे एकेक करून मोजली तर पूर्ण मिनिट जाईल. वेग फिरत्या रेझिस्टरने बदलता येतो, आणि रुग्ण थकला की तो बदलावाच लागतो. वीज नऊ व्होल्टच्या बॅटरीची घ्यावी. घरातील विद्युतप्रवाह रुग्णाजवळ आणू नये. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा कोणीही विद्यार्थी ही जोडणी एका दुपारी करून देईल.

खरे कष्ट बटणाचे. रुग्णाची एकच, थकवा न आणणारी व हवी तेव्हाच होणारी हालचाल शोधावी लागते: अंगठा, गुडघा, मान, कधी गाल. यासाठी दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी तपासणी करावी. दाबून धरण्याची शक्ती नसेल, तर एकदा स्पर्श होताच दिवा थांबलेलाच राहील व शेजारचा माणूस तो पुढे सोडील, अशी जोडणी करावी.

मात्रा व वेलांट्या गाळाव्यात. ऐकणाऱ्याने त्या भराव्यात. ‘पट दखत’ म्हणजे पोट दुखते, ‘पठ दखत’ म्हणजे पाठ. आपल्या इंदुरात परिचारिका बहुधा हिंदीभाषक असते. तीही याच अक्षरांवरून ‘पेट’ आणि ‘पीठ’ असे बिनचूक वाचते. मात्र ट आणि ठ ही शेजारची घरे आहेत. एका दिव्याच्या चुकीने तपासणी भलत्याच अवयवाची व्हायची, म्हणून प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारून रुग्णाची ‘हो’ची खूण घ्यावी आणि मगच पुढे जावे.